शेवटाला तुटणारी लाइन

बसून केलेल्या कामाला मी काम म्हणत नसे. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलो. डोंगरातून तार ओढली, बोटं बधिर झालेली असताना जोड मारले. मी निवृत्त झालो तेव्हा माझे गुडघे आधीच निवृत्त झाले होते. त्यामुळे वरच्या हॉस्टेलातली माणसं दिवसभर लॅपटॉपपुढे बसून संध्याकाळी कंबर धरून उठायची, तेव्हा मला हसू यायचं. ते हसू टिपणताईंनी बंद केलं.

हॉस्टेल म्हणजे पूर्वी बोगद्याच्या कामावरच्या इंजिनिअरांची राहण्याची इमारत. बोगदा झाला, इंजिनिअर गेले, इमारत बारा वर्षं रिकामी पडली. मग एका बेकरीवाल्याने ती घेतली, भिंती रंगवल्या, खोल्यांत पलंग टाकले आणि शहरातल्या माणसांना सांगितलं, इथे राहा आणि इथूनच आपापल्या ऑफिसचं काम करा. माणसं आली. दहा-बारा जणांत एक स्वयंपाकघर. फ्रिजच्या दारावर इतक्या चिठ्ठ्या की दाराचा रंग आठवावा लागतो. आतल्या एका दुधाच्या बाटलीवर 'हे दूध माझं आहे' असं लिहिलेलं आणि खाली वेगळ्या अक्षरात 'होतं'. मोठ्या खोलीत लांब टेबल, त्याभोवती सगळे कानात बोंडं घालून आपापल्या पडद्याशी बोलत बसलेले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं भांडण जुंपलंय. सोडवायला मध्ये पडणार होतो.

नव्या तारा अजून इतक्या वर आलेल्या नाहीत. हॉस्टेलचं इंटरनेट माझ्याच जुन्या तांब्याच्या तारेवरून येतं. खालच्या वस्तीपासून वीस खांब. ते मी उभे केले, त्यांची खोड मला ठाऊक, म्हणून मालकाने लाइन सांभाळायला मला ठेवलं. सगळे मला तारकाका म्हणतात.

टिपणताई आल्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. बाकीची सगळी पंचविशी-तिशीतली. सामान खालच्या थांब्यावरून वर आणायचं होतं. मालकाने मला हाक मारली, पण मी पोहोचेपर्यंत बाईंनी निम्मं स्वतःच वर आणलं होतं. दोन खेपा. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेलो. बॅग घेऊ का विचारलं तर म्हणाल्या, "ही नको, यात माझे हात आहेत." मी दचकलो. आत कीबोर्ड होता.

त्यांचं काम मला समजायला आठवडा लागला. दूरच्या एका शहरात नर्सिंगचं कॉलेज आहे. तिथे शिकणाऱ्या एका मुलीला लहानपणापासून ऐकू येत नाही. वर्गात शिक्षक बोलतात, ते इंटरनेटवरून टिपणताईंच्या कानात येतं, त्या ऐकता ऐकता ते टाइप करतात आणि मुलीच्या बाकावरच्या पडद्यावर शिक्षकांचे शब्द दोन ओळींत उमटत जातात. मुलगी वाचते. शिक्षक बोलत राहतात. ताई मागे पडल्या तर मुलगी मागे पडली.

"किती वेगाने?" मी विचारलं.

"मिनिटाला दीडशे शब्द. शिक्षक चिडले तर एकशे ऐंशी."

माझा विश्वास बसला नाही. मी म्हणालो, मी बोलतो, टिपून दाखवा. आणि मग मी खांब, ताण, दगड, माझे साहेब आणि साहेबांचा जावई यांच्याबद्दल श्वास न घेता बोललो. बोलता बोलता गुडघा टेबलाच्या पायावर आपटला. थांबल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सगळं होतं. साहेबांचा जावई होता. शेवटी 'च्यायला' होतं, त्यापुढे कंसात 'टेबलाचा आवाज'.

"हे कशाला?" मी म्हणालो.

"वर्गात इतरांनी जे ऐकलं ते तिला कळायला हवं. गाळायचं कुणी ठरवलं?"

मग मी त्यांच्याकडे नीट बघायला लागलो. वर्ग दुपारी दोनला असे. दीडला त्या कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात मनगटांपर्यंत बुडवून बसत. पावणेदोनला एक पेला पाणी, त्याहून जास्त नाही, कारण मध्ये उठता येत नाही. तासाभराने बाहेर आल्या की मानेमागचा कॉलर भिजलेला असे आणि कपाचा कान पकडता येत नसे. कप दोन्ही तळव्यांत धरून चहा पीत. खड्डा खणणाऱ्या माणसाचे हात असे होतात. बसल्या जागी होताना मी ते पहिल्यांदा पाहिले.

बसायची जागा त्यांनी स्वतः शोधली. मोठ्या खोलीत गलका. खोलीत दुसरी बाई, तिची दिवसभर मीटिंग. मालकाने काखा वर केल्या. मग ताईंना ब्लँकेटची खोली सापडली. खिडकी नाही, तिन्ही भिंतींना छतापर्यंत घड्या रचलेल्या. आत गेलं की आपलाच आवाज दबल्यासारखा होतो. जुनं दार दोन खोक्यांवर आडवं टाकून त्यांनी टेबल केलं. नवीन पाहुणा ब्लँकेट मागायला आला की मालक सांगायचा, "तीननंतर. आत डॉक्टर आहेत."

घर शहरात, भावाकडे. एका म्हाताऱ्या वकिलाच्या ऑफिसात एकोणीस वर्षं स्टेनो होत्या. वकील गेले, ऑफिस बंद झालं. त्या हे नवं काम शिकल्या आणि भावाच्या जेवणाच्या टेबलावर बसून करायला लागल्या. अशाच एका कॉलेजच्या कामावर आधी एकदा घेतलं होतं. चाचणीच्या दिवशी स्वयंपाकघरात मिक्सर लागला. दोन मिनिटं काही ऐकू आलं नाही. काम गेलं.

"वहिनीला सांगितलं नव्हतं?" मी विचारलं.

"वहिनी वाईट नाही हो. मिक्सर वाईट."

"पण सांगितलं नव्हतं."

"नाही. मला ते जमत नाही. ऑफिसात साहेबांना मध्येच 'थांबा' म्हणणारी स्टेनो दुसऱ्या दिवशी खुर्चीत दिसत नसे. सवयच लागली. समोरचा बोलतो, आपण पुरे पडायचं."

हे काम दुसरी संधी होती. सहा आठवडे चाचणी, शेवटच्या दिवशी तपासनीस बाई वर्गात पूर्ण वेळ हजर राहून बघणार. पास झाल्या तर त्या मुलीची पुढची दोन वर्षं त्यांची. नापास झाल्या तर महिनाअखेरीला परत त्या जेवणाच्या टेबलापाशी. भाऊ फोनवर म्हणायचा, "टायपिंग करायला डोंगर कशाला लागतो गं? इथली खुर्ची टोचते का?" त्या हसून विषय बदलायच्या आणि मग अर्धा तास उगाच भांडी घासत उभ्या राहायच्या, दुसऱ्यांचीसुद्धा.

सहाव्या आठवड्यातल्या शेवटच्या दिवसाची सकाळ. मी मोडेमच्या खोक्यावरचे दिवे बघायला हॉस्टेलात गेलो होतो. ताई स्वयंपाकघरात उभ्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं, ताई?"

"लाइन तुटतेय हो, काका."

मी कान टवकारले. "कधीपासून?"

"कालपासून. वेग वाढला की तुटते."

"वारा होता काल."

"वारा कसला, वादळ होतं नुसतं!"

"तुटते कुठे?"

"शेवटाला. नेमकी शेवटाला. सगळा जीव तिथेच असतो ना!"

हे मला कुणी सांगायला नको होतं. शेवटच्या खांबावरचा जोड हा लाइनचा जीव. आणि तो मी दोन वर्षं उघडून पाहिला नव्हता. "तासात किती वेळा?"

"पाच-सहा तरी."

"बघतो मी."

त्या थकल्यासारख्या हसल्या. "तुम्ही काय बघणार, काका!"

हे मला झोंबलं. मी चौतीस वर्षं दुसरं काय बघितलं?  घरी गेलो, शिडी घेतली, कमरपट्टा घेतला, पक्कड घेतली. बायको म्हणाली, "गुडघ्यांना विचारलंत का?" मी शिडी खांद्यावर घेतली.

आमच्या कामात एक नियम होता. लाइन उघडण्याआधी ज्याची लाइन आहे त्याला कळवायचं. मी कधी तो मोडला नाही. त्या दिवशी मोडला, कारण मला राग आला होता आणि कारण मला माहीत होतं की वर्ग दोनला असतो. खांबावर पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पावणेतीन तास हातात. बाई दुपारी बसतील तेव्हा लाइन ठणठणीत असेल, मग कोण काय बघतं ते बघू.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी मी जोड कापला.

आत तांबं लालचुटुक. गंजाचा ठिपका नाही, पाण्याचा थेंब नाही. दोन वर्षांपूर्वी मारला होता तसा. चांगला, धडधाकट जोड कापून मी दोन टोकं हातात धरून बसलो होतो. काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते कळेना.

हॉस्टेलच्या गच्चीवरून ओरडणं आलं. तिथे राहणारा जाहिरातवाला, ज्याला एरवी जिना चढायचा कंटाळा.

"तारकाका! लाइन गेली!"

"मीच घेतलीय. दहा मिनिटं!"

"अहो, ताईंची परीक्षा चालू आहे!"

"ती दोनला!"

"आज अकराला! फ्रिजवर चिठ्ठी लावलीय!"

फ्रिजवर. त्या चिठ्ठ्यांच्या जंगलात. मी सकाळी त्याच फ्रिजला टेकून त्यांच्याशी बोललो होतो.

माझा पीळ कधी चुकत नसे. त्या दिवशी पहिला पीळ चुकला. तो सोडवला, तार पुन्हा सोलली, पुन्हा पीळ घातला. खांबावरून हॉस्टेलचा बाहेरचा जिना दिसतो. त्या जिन्याची चौथी पायरी ही इमारतीतली एकच जागा जिथे मोबाइलला थोडी रेंज मिळते. ताई धावत बाहेर आल्या आणि चौथ्या पायरीवर उभ्या राहिल्या. फोन तोंडापुढे धरलेला. मिनिटाला दीडशे शब्द काढणारी ती बोटं काही क्षण जागची हलली नाहीत. मग एकदाच हलली.

मी जोड आवळला, टोपण बसवलं. अकरा एकवीस. "जोडली!" ओरडलो. मोडेमचे दिवे स्थिर व्हायला तीन मिनिटं लागतात, त्यात कुणाचं काही चालत नाही. अकरा चोवीसला ताई आत पळाल्या.

मी खाली उतरलो आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिलो. वर जायचं धैर्य होईना. बाराला वर्ग संपला असेल. साडेबाराला त्या स्वतःच खाली आल्या. कॉलर भिजलेला.

"काका, तुम्ही लाइन का कापलीत?"

"तुम्हीच म्हणालात तुटते म्हणून. शेवटाला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पायवाटेवर मटकन बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यात थोडं रडणंही असावं.

"अहो, तारेची लाइन नाही! पडद्यावरची! लिहिण्याची लाइन, ओळ!"

मग समजावून सांगितलं. पडद्यावर दोनच ओळी मावतात. वाक्य लांब झालं की यंत्र आपल्या मनाने ओळ तोडतं आणि उरलेला शब्द खाली ढकलतं. आणि आपल्या भाषेत हो की नाही ते अगदी शेवटाला कळतं. आदल्या दिवशी एक पाहुणे शिक्षक आले होते, वादळासारखे बोलणारे. ते म्हणाले, 'ही गोळी उपाशीपोटी देऊ नये.' यंत्राने 'देऊ'वर ओळ तोडली. 'नये' खालच्या ओळीत आलं, तोवर मुलीने वहीत लिहून टाकलं, 'उपाशीपोटी देऊ'. तासात असं पाच-सहा वेळा.

"ही मुलगी उद्या वॉर्डात उभी राहणार," ताई म्हणाल्या. "म्हणून सकाळी माझा जीव टांगणीला होता. तुम्हाला वारा दिसला."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण परीक्षेचं काय झालं ते अजून कळलं नव्हतं.

"मी तिला मेसेज केला," त्या म्हणाल्या. अवघड औषधांची नावं आधी मिळावीत म्हणून मुलीने त्यांना आपला नंबर दिला होता.

"काय लिहिलंत?"

"'थांबवा.' एवढंच. बाई बघतायत, मी नवखी, सहा आठवडे एकदाही कुणाला अडवलं नाही. हात चालेना. मग वाटलं, इथे मी थांबा म्हणाले नाही तर तिचं सुटणार, माझं नाही."

पुढचं मुलीनेच वर्ग सुटल्यावर त्यांना कळवलं होतं. ती वर्गात कधी हात वर करत नसे. हात वर केला की पन्नास माना वळतात. त्या दिवशी ती सरळ उभी राहिली आणि स्वतःच्या आवाजात, जो वर्गाने तोवर ऐकलाच नव्हता, म्हणाली, "माझी लाइन तुटलीय. थांबा." शिक्षक थांबले. टेबलाच्या कडेवर बसले, चष्मा पुसला, वाट बघत राहिले. लाइन आली तेव्हा त्यांनी मुलीला विचारलं, "कुठपर्यंत आलं होतं?" तिने वहीत बघून सांगितलं. तिथून पुढे सुरू केलं.

माझ्याकडे जुन्या बिघाड-चिठ्ठ्यांचं पुस्तक अजून आहे. तुटल्याची वेळ, जोडल्याची वेळ, कारण, सही. 'कारण'च्या रकान्यात मी आयुष्यभर वारा, फांदी, उंदीर, गंज असं लिहिलं. त्या दिवशी 'जोडणाऱ्याची चूक. न कळवता लाइन उघडली' असं लिहिलं, सही केली आणि ताईंना म्हणालो, ही तुमच्या तपासनीस बाईंना पाठवा.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ताईंनी मलाही ब्लँकेटच्या खोलीत बोलावलं आणि आवाज मोठा ठेवला.

"सात मिनिटं लाइन बंद होती," तपासनीस बाई म्हणाल्या.

"हो."

"किती शब्द सुटले?"

"एकही नाही. शिक्षक थांबले आणि तुटलं तिथूनच पुन्हा सुरू केलं."

"तुम्ही थांबवलंत?"

"आम्ही दोघींनी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "आणि ही चिठ्ठी कुणाची? 'जोडणाऱ्याची चूक'?"

"आमचे तारकाका. इथेच बसलेत."

"काका," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे दर आठवड्याला लाइन गेल्याचे चाळीस अहवाल येतात. कारण नेहमी हवामान असतं." आणि फोन ठेवला. चांगलं बोलल्या की वाईट, आम्हा दोघांना ठरवता आलं नाही.

चार दिवस काही कळलं नाही. ताईंनी चार दिवसांत हॉस्टेलातलं प्रत्येक भांडं घासलं. जाहिरातवाला म्हणाला, "ताई, आता माझा लॅपटॉपपण घासता का?" मालकाने ब्लँकेटच्या घड्या परत मोजायला काढल्या. माझ्या बायकोने मला विचारलं, "त्या गेल्या तर तुम्हाला काय?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "मग जेवा नीट."

पाचव्या दिवशी पत्र आलं. दोन वर्षांचं काम ताईंना. खाली शेरा: 'तीन ठिकाणी नकार दुसऱ्या ओळीत गेला. सुधारणे.'

सगळे ओरडले, मालकाने केक फुकट दिला, जाहिरातवाल्याने ताईंना खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला आणि पाठ धरून बसला. ताई पत्र हातात घेऊन उभ्या होत्या.

"तीन," त्या म्हणाल्या.

"अहो, पास झालात!"

"हो. पण तीन गेले. कुठले ते लिहिलं नाहीये."

मला ताई आवडतात ते यासाठी.

संध्याकाळी चौथ्या पायरीवरून भावाला फोन केला. मी खालीच खांबाची खुंटी बघत होतो, ऐकू आलं. "नाही रे, टोचत नाही तुझी खुर्ची. पण इथे काम आहे. दोन वर्षं." मग बराच वेळ तिकडून बोलणं. मग त्या म्हणाल्या, "जरा थांब, दादा. माझं पूर्ण होऊ दे." आणि पूर्ण केलं. शेवटी हसत होत्या. भाऊ-वहिनी सुट्टीत चार दिवस वर येणार आहेत.

ओळीवर उपाय त्यांनीच काढला. यंत्रावर सोडायचं नाही. वाक्याचा शेवट कानात येण्याआधी त्याचा अंदाज घ्यायचा आणि ओळ स्वतः बोटाने तोडायची, म्हणजे 'देऊ' आणि 'नये' एकत्र राहतात. बोलणाऱ्याच्या अर्धा शब्द पुढे राहायचं, हातांना एक काम जास्त. हे पुस्तकात वाचून येत नाही. बोलणारा माणूस समोर लागतो, आणि हॉस्टेलात रिकामा माणूस मी एकटाच.

म्हणून आता रोज दुपारी चार ते पाच मी ब्लँकेटच्या खोलीत बसतो. त्या मला औषधांच्या सूचनांचे कागद देतात आणि मी ते जमेल तितक्या वेगाने वाचतो. देऊ नये, हलवू नये, उघडे ठेवू नये, चावून खाऊ नये. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत माझी जीभ जड झाली. नावं अशी की दात मोजून घ्यावेत. मी मध्ये दम घेतला तर त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणतात, "काका, शिक्षक दम घेत नाहीत."

पहिल्या आठवड्यात तासाला नऊ नकार खाली पडायचे. मग पाच. काल दोन. आज एकच पडला, तोही मी 'नये' खोकल्यात गिळलं म्हणून. ती चूक माझ्या नावावर लिहा म्हणालो. त्या म्हणाल्या, "गिळलेलंही ऐकू यायला हवं," आणि कागद पहिल्या पानावर उलटवून माझ्या हातात दिला.